ओटीवरचा अर्थसंकल्प

10 मार्च 2025 ची रात्र. तरावीह पढून आम्ही नागावच्या घरी ओटीवर टेकलो होतो. भाईजान मोबाईलवरची नजर न काढता म्हणाले, "राज्यावरचं कर्ज 9 लाख कोटींच्या वर जाणार! बुडालो आपण."

मी उर्दू-मराठी शिकवतो. पण शिक्षक कमी, म्हणून सातवीचं गणितही माझ्याकडेच. तिथे मुलांना सांगतो, नुसता आकडा बघू नका, कशाच्या तुलनेत ते विचारा. म्हटलं, "निसर्ग वादळानंतर तुम्ही वाडीसाठी कर्ज काढलंत, तेव्हा आधी उत्पन्नच विचारलं ना?" महाराष्ट्राची अर्थव्यवस्था सुमारे 49 लाख कोटींची. 9.32 लाख कोटींचं कर्ज म्हणजे 19 टक्क्यांच्या आसपास. वर्षाची राजकोषीय तूट 1,36,235 कोटी, म्हणजे 3 टक्क्यांच्या मर्यादेच्या आत.

भाईजान हसले. "ते 49 लाख कोटी सरकारच्या गल्ल्यात थोडेच येतात? व्याज तर गल्ल्यातूनच जाणार."

खरं होतं. महसुली जमा सुमारे 5.61 लाख कोटी, आणि महसुली खर्च तिच्याहून 45,891 कोटींनी जास्त. रोजच्या खर्चालाही उसनवारी.

"मी कर्ज रोपांसाठी काढलं, सणाच्या खरेदीसाठी नाही," ते म्हणाले.

आतून आपाचा आवाज आला, "माझे 1500 रुपये म्हणजे सणाची खरेदी काय?" लाडकी बहीण योजनेला त्या अर्थसंकल्पात 36,000 कोटी होते. आपा त्यातून गुडघ्याची औषधं आणते. "आणि तुझा पगार रे?"

मी गप्प झालो. शिक्षकाचा पगारही महसुली खर्चातच धरतात. पूल बांधला तर भांडवली खर्च. तो ओलांडून शाळेत येणाऱ्या पोरांना शिकवणं महसुली.

3 जून 2020 च्या वादळात आमच्या सुपाऱ्या आडव्या झाल्या होत्या. नवी रोपं धरायला पाच-सहा वर्षं लागतात. तोवर पाणी, खत, मजुरी चालूच. भाईजानांच्या वहीत तोही रोजचाच खर्च. पण तो थांबवला असता तर रोपं वाळली असती.

म्हणून आपाचे पैसे आणि शाळेवरचा खर्च मला उधळपट्टी वाटत नाही. पण तो दरवर्षी कर्ज काढून भागवणं पटत नाही. रोजचा खर्च जमेतून भागला पाहिजे. त्यासाठी कर कुणाकडून किती घ्यायचा, हे सरकारने उघड सांगावं. नाहीतर हे व्याज माझ्या सातवीतल्या मुलांना भरावं लागेल, आणि त्यांना अजून मतही देता येत नाही.