धाम नदीकाठी एक परके गाणे

पवनारच्या परमधाम आश्रमात प्रार्थनेस बसण्याचा योग आम्हांस नुकताच आला. खाली धाम नदी संथ वाहत होती. विनोबांनी १९५९ साली स्थापिलेल्या ब्रह्मविद्या मंदिरातील भगिनी त्यांनीच रचलेली नाममाला म्हणू लागल्या. नारायण, बुद्ध, रहीम अशी परमेश्वराची नावे येता येता येशूचेही नाव आले. 'ख्रिस्तधर्म-सार' सिद्ध करणाऱ्या विनोबांना ते सहज सुचले असणार. पण आमच्या मनात त्याच क्षणी एक इंग्रजी गाणे वाजू लागले. अशा स्थळी असे व्हावे याची लाज वाटली. तरी ते थांबेना.

बीटल्स हा लिव्हरपूलच्या चार तरुणांचा वाद्यवृंद १९७० साली विखुरला. त्यानंतर चौघांनी स्वतंत्रपणे गायिलेल्या गीतांत श्रेष्ठ कोणते, यावर सेमिनरीत आमचे वाद रंगत. बहुमत लेननच्या 'इमॅजिन'ला. स्वर्गच नाही अशी कल्पना करावयास सांगणारे गीत भावी धर्मगुरूंनी गुणगुणावे, ही गंमतच! मॅकार्टनीचे 'मेबी आय ॲम अमेझ्ड' पत्नीप्रेमाचे; त्याची स्तुती आम्ही बेतानेच करीत असू. आमचे मत मात्र जॉर्ज हॅरिसनच्या 'माय स्वीट लॉर्ड'ला.

देवदर्शनाची तळमळ एवढाच त्याचा विषय. मागील गायकवृंद 'हालेलुया' म्हणता म्हणता हरे कृष्णाचा गजर केव्हा करू लागतो, ते कळतही नाही. हॅरिसनचा बाप्तिस्मा कॅथॉलिक; पुढे तो कृष्णभक्तीकडे वळला. जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत शिवकुमार शर्मांसारखे वादक घेऊन त्याने ध्वनिमुद्रणही केले होते. 'माय स्वीट लॉर्ड' ज्या संचात आहे, त्यातीलच दुसऱ्या एका गीतात त्याने पोपमहोदयांच्या संपत्तीची थट्टा केली आहे. ती आम्ही निमूटपणे गिळली.

१९७६ साली न्यायालयाने ठरविले, की या गाण्याची चाल 'ही इज सो फाइन' या जुन्या अमेरिकन गाण्यावरून नकळत उचललेली आहे. नकळत केलेली चोरी! पापनिवेदन ऐकणाऱ्या आम्हांला हा निकाल अद्याप पचलेला नाही. जाणीव आणि संमती यांवाचून गंभीर पाप कसले? अर्थात, कायद्याचे गणित निराळे.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने हेच गाणे कम्युनियननंतर गाऊ का, असे विचारले. महिनाभर खपून त्याने ते गिटारवर बसविले होते. उत्तरार्धातील नावे आठवताच आम्ही "देवळात हे चालायचे नाही" एवढेच बोललो आणि पाठ फिरविली. मिस्सेत ते गाऊ नये, हे आमचे मत आजही कायम आहे. उपासनेचे शब्द कोणा एकाच्या आवडीने ठरत नसतात. पण "बस, बाळ, आधी मला ऐकव," असे म्हणावयास काय हरकत होती? सायंकाळी देवळाच्या अंगणात त्याला गाऊ देता आले असते. तो पुन्हा गायनवृंदात आला नाही.

पवनारहून परतल्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, "फादर, तो नोकरीला पुण्याला असतो. गिटार इथंच आहे." आम्ही त्याचा पत्ता घेऊन आलो. पत्र अजून लिहावयाचे आहे.