एक पिलूं आणि एक भिंत

मोठ्या शत्रूशीं कसें लढावें याचे धडे मनुष्याला लहानपणापासून मिळत असतात. पुराणें आणि इतिहास हीं दोन्ही त्याच कामीं झटत आलीं आहेत. परंतु जो शत्रु तिळाएवढा आहे, ज्याला शिंगें नाहींत कीं सुळे नाहींत, आणि जो मुळींच गर्जना न करतां कानाच्या मागें जाऊन बसतो, त्याच्याशीं कसें वागावें हें आम्हांला कोणींच शिकविलें नव्हतें. साठी उलटल्यावर तें शिकण्याचा योग आला, आणि गुरु म्हणून लाभलें तें पांच आठवड्यांचें एक गांवठी पिलूं.

आमचें गांव माकणी. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यांत तेरणा नदीवर तें आहे, आणि निम्न तेरणा प्रकल्पाच्या धरणामुळें त्याचें नांव चार गांवांपलीकडे पोंचलें आहे. जन्मभर शाळेंत मुलें शिकवून आम्ही येथें स्वस्थ बसलों होतों. श्रावणांतल्या एका सकाळीं आमचा सालगडी कडब्याच्या गंजीमागून तें पिलूं धोतराच्या सोग्यांत घेऊन आला. त्याची आई आदल्या रात्रीं रस्त्यावर वाहनाखालीं सांपडली होती. आमच्या सात वर्षांच्या नातीनें त्याचें नांव तत्काळ ‘मोत्या’ असें ठेवलें; त्याचा रंग कोळशासारखा काळा होता ही अडचण तिला मुळींच जाणवली नाहीं. “घरांत मात्र नको हं,” असें आमच्या कुटुंबानें बजावल्यामुळें गोठ्यांत, जुन्या भिंतीच्या पायथ्याशीं, एक गोणपाट अंथरून मोत्याची सोय करण्यांत आली.

या भिंतीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटें किल्लारी-सास्तूरच्या बाजूस जो भूकंप झाला, त्यांत या भागांतलीं दगड-मातीचीं माळवदें पत्त्यांच्या घरांसारखीं खालीं आलीं. भिंतींत दगड मातीनें लिंपलेले, आणि वर उन्हापासून बचाव म्हणून घातलेला मातीचा जाड थर! हादरा बसतांच दगड सुटले आणि ती माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारों माणसें त्या पहाटें गेलीं. आम्ही गणपति पोंचवून उशीरां परतलों होतों आणि अंगणांतच पथारी टाकून निजलों होतों, म्हणून वांचलों. घर मात्र गेलें. वडिलांनीं स्वतः दगड रचून बांधलेली एक भिंत तेवढी उभी राहिली. पुढें नवें घर झालें, पण ती भिंत आम्हीं पाडूं दिली नाहीं, कीं तिच्या भेगाहि बुजवूं दिल्या नाहींत. तिला धरून गोठ्याचें छप्पर घातलें, आणि येत्या-जात्याला त्या भेगा दाखवून त्या पहाटेची हकीकत सांगण्याचा आम्हांला जणूं छंदच जडला.

आठ दिवस मोत्याचें बरें चाललें. नवव्या दिवशीं नात म्हणाली, “आबा, ह्याच्या कानांत एरंडाच्या बिया आहेत.” आम्हीं चष्मा लावून पाहिलें. त्या बियांना पाय होते. दोन्ही कानांत, बोटांच्या बेचक्यांत आणि काखेंत मिळून गोचिडांची एक वसाहतच बसली होती; आणि पोटावरचे केस उलटे करतांच तांबूस पिसवा चहूंकडे पळत सुटल्या. कांसेतलें दूध सोडून रक्तच पिणाऱ्या गोचिडाचा दृष्टान्त ज्ञानेश्वरींत आहे. तो आम्हीं वर्गांत किती वेळां तरी रसाळपणें समजावून दिला होता. दृष्टान्तांतला गोचीड आणि हातांतल्या पिलाच्या कानांतला गोचीड यांत केवढें अंतर असतें, हें मात्र त्या दिवशीं कळलें.

मग सल्लागारांची सभा भरली. खेड्यांत वैद्य एखादाच असतो, औषधें मात्र घरोघर असतात. एकानें रॉकेल चोळण्यास सांगितलें, दुसऱ्यानें तंबाखूचें पाणी. तिसऱ्यानें सीताफळाच्या बिया वाटून लावण्याची शिफारस केली. बालाघाटच्या या मुलखांत सीताफळाला तोटा नाहीं, आणि त्या बियांनीं उवा मरतात हेंहि खरें. पण तोच लेप डोळ्यांत गेला तर डोळ्याला भयंकर इजा होते ही दुसरी बाजू कोणीं सांगितली नाहीं. शेजारच्या म्हातारबाबांनीं तर आगकाडीनें एकेक गोचीड चटकवावा असें सुचविलें. या सर्व अडाणी उपायांना आम्ही सुशिक्षितपणानें हंसलों, आणि त्याहून वाईट असें एक काम केलें.

गोठ्याच्या फळीवर गुरांच्या गोचिडांवरचें औषध होतें. बैलाला लागू पडतें तें पिलाला कां पडूं नये? पिलूं लहान म्हणून औषध थोडें घेतलें, आणि गोचीड पुष्कळ म्हणून त्यांत पाणी कमी घातलें. या दोन विचारांतला परस्परविरोध आमच्या ध्यानांत आला नाहीं. सालगडी म्हणाला, “गुरुजी, लेकराला जड व्हईल त्ये.” आम्ही म्हणालों, “तुला काय कळतें?” आणि मोत्याला मानेपासून शेपटीपर्यंत त्या पाण्यांत बुचकळून काढलें.

दिवेलागणीला मोत्या झोंकांड्या खाऊं लागला. थोड्या वेळानें तो आडवाच झाला. अंगाला हात लावला तों गार. नात उशाशीं बसून होती. “आबा, तो झोपला का?” असें तिनें विचारलें, आणि आम्हांला उत्तर देववेना. गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनीं औषधाचें नांव विचारलें, पिलाचें वय विचारलें, आणि क्षणभर कांहींच बोलले नाहींत. ती एका क्षणाची शांतता आम्हांला अजून ऐकूं येते. मग म्हणाले, “कोमट पाणी आणि साबण घेऊन आधीं तें औषध धुऊन काढा, चाटूं देऊं नका, कोरडा करून उबेंत ठेवा, आणि ताबडतोब घेऊन या.” त्या रात्रीं दुसऱ्याच्या गाडींत, लोकरीच्या शालींत गुंडाळलेला तो पसाभर जीव मांडीवर घेऊन आम्ही निघालों, तेव्हां आमच्या सुशिक्षितपणाचें ओझें त्या जिवाहून शतपटीनें जड झालें होतें.

मोत्या वांचला. पहाटें त्यानें डोळे उघडले आणि आमचा अंगठा चोखला. डॉक्टरांनीं त्याचा ओंठ उचलून हिरड्या दाखविल्या; त्या पांढऱ्याफटक होत्या. “मोठ्या कुत्र्याला शंभर पिसवांनीं खाज सुटते,” ते म्हणाले, “पण एवढ्याशा पिलाचें रक्तच किती? शंभर पिसवा आणि वीस गोचीड त्याला पंडुरोगानें मारूं शकतात. आणि घाईनें दिलेलें औषध तर त्याहून लवकर.” मग त्यांनीं चिमटा घेऊन एकेक गोचीड काढला. तो पोटाशीं दाबायचा नाहीं, पिळायचा नाहीं, जाळायचा नाहीं. कातडीला अगदीं लागून तोंडाशीं धरायचा आणि सरळ, सावकाश ओढायचा, व साबणाच्या पाण्यांत टाकायचा. पिसवांसाठीं बारीक दातांची फणी, कोमट पाण्याची आंघोळ आणि अंग लगेच कोरडें करणें. अंगांतलें विष पुरतें उतरल्यावर, कांहीं दिवसांनीं, त्याच्या वयाला आणि वजनाला मानवेल असें एक औषध त्यांनीं स्वतःच्या हातानें चोळलें. मानेवर थेंब टाकण्याचीं औषधें बहुधा आठ आठवड्यांपुढें चालतात, त्याआधीं नाहींत. आणि कुत्र्याचीं कांहीं औषधें मांजराला तर विषच होतात, हेंहि त्यांनीं सांगितलें. शेवटीं त्यांनीं सहज विचारलें, “झोपतो कुठें हा?”

आम्हीं भिंतीचें वर्णन केलें. संवयीनें भूकंपाची हकीकतहि सांगितली. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, “गुरुजी, तुमचा रोगी कुत्रा नाहीं. ती भिंत आहे.”

या वाक्याचा अर्थ पुढें वाचून आणि डोळ्यांनीं पाहून आम्हांला कळला. गोचीड हा कीटक नव्हे; त्याला आठ पाय असतात आणि त्याचें गोत्र कोळ्यांचें. कुत्र्याला लागणारा जो तपकिरी गोचीड, तो जन्मांत तीन वेळां जेवतो, आणि प्रत्येक जेवणानंतर खालीं उतरून एखाद्या फटींत जाऊन बसतो. मादी रक्त पिऊन टच्च फुगली कीं भिंतीवर चढते, भेगेंत शिरते आणि तेथें हजारों अंडीं घालून मरते. भुकेला गोचीड महिनेच्या महिने वाट पाहूं शकतो. पिसवेचाहि कारभार असाच. ती अंडीं घालते कुत्र्याच्या अंगावर, पण तीं गळून पडतात धुळींत, गोणपाटांत. अळ्या तेथेंच वाढतात. कोशांत शिरलेली पिसू पावलांचा हादरा आणि श्वासाची ऊब जाणवेपर्यंत आंत दबा धरून बसते. अंगावर दिसतें तें सैन्य म्हणजे केवळ आघाडीची तुकडी. बाकीची छावणी घरांत! आम्ही कुत्रा धूत होतों, आणि शत्रु आमच्या स्मारकांत सुखानें नांदत होता.

हा प्रमाद आमच्या एकट्याचा नाहीं, एवढें एक समाधान आम्हीं शोधून काढलें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि १८९७ त पुण्यांत फैलावला, तेव्हां सरकारनें सोजीर घरोघर घुसविले. माणसें तपासलीं, अंथरुणें-पांघरुणें जाळलीं, लोकांची अब्रू घेतली. त्या संतापाच्या भरांत २२ जून १८९७ रोजीं रँडवर गोळी झाडली गेली. एवढा आकांत चालला असतां खरा गुन्हेगार उंदराच्या अंगावर बसून होता. १८९८ सालीं पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानें कराचीस प्रयोग करून दाखविलें कीं, हा रोग उंदराची पिसू पसरविते. त्याचें म्हणणें पटायला पुढें कित्येक वर्षें गेलीं. त्याच्या पांच वर्षें आधीं, १८९३ त, अमेरिकेंत स्मिथ आणि किलबोर्न यांनीं गुरांचा एक रक्तज्वर गोचिडामुळें पसरतो हें सिद्ध केलें होतें; तरीहि एवढासा किडा एवढा उत्पात करील हें लोकांच्या मनांत शिरेना. आणि आमच्या दाराशींच पाहावयाचें तर, भूकंपानंतर वर्षाच्या आंत, १९९४ च्या ऑगस्टांत, शेजारच्या बीड जिल्ह्यांत मामला येथें गांठीचा प्लेग आढळला. भूकंपानें ओस पडलेल्या घरांत धान्य तसेंच राहिलें, त्यावर उंदीर माजले आणि उंदरांबरोबर पिसवा, असा तर्क त्या वेळीं मांडला गेला होता. कुत्र्याची पिसू निराळी, उंदराची निराळी; मोत्याकडून प्लेगाचें भय नव्हतें. पण धडा एकच. पीडिताच्या अंगावर तुटून पडणें सोपें असतें. आपल्या घराच्या कोनाकोपऱ्यांत पाहणें अवघड.

आम्हांला तें फारच अवघड गेलें. गवंडी आला त्या दिवशीं आम्ही सकाळपासून भिंतीपाशीं खुर्ची टाकून बसलों होतों. भेगांतली जुनी माती त्यानें सळईनें उकरली, तेव्हां तिच्याबरोबर फुगलेल्या माद्या आणि तपकिरी अंड्यांचे पुंजके खालीं पडले. ते पाहिल्यावर बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. वडिलांच्या हातची ती माती होती. आणि वडील असते तर त्यांनीं ती आमच्या आधीं पंचवीस वर्षें काढली असती, हेंहि तितकेंच खरें होतें. ते भिंती बांधीत; भेगा जपण्याचा नाद त्यांना नव्हता. दुपारपर्यंत भेगा सिमेंटनें बुजल्या, संध्याकाळीं चुन्याचा हात फिरला. गोणपाट जाळलें. मोत्यासाठीं एक जुनी सतरंजी काढली. ती दर आठवड्याला उकळत्या पाण्यांत निघते आणि दिवसभर उन्हांत पडते. जमीन रोज झाडून केर लांब टाकला जातो. सालगड्याची आम्हीं माफी मागितली. तो संकोचून म्हणाला, “असूं द्या गुरुजी, व्हतंय मानसाकडनं.”

त्याला आतां वर्ष होऊन गेलें. मोत्या कोळशासारखाच काळा राहिला आहे, पण अंगानें चांगला भरला आहे. वजन करून त्याला ठरलेल्या दिवशीं डॉक्टरांनीं सांगितलेलें औषध मिळतें. आणि रोज संध्याकाळीं, गुरें परतण्याच्या सुमारास, तो आपण होऊन आमच्यापुढें येऊन आडवा पडतो. नात एक कान उलटते, आम्ही दुसरा. मग बोटांच्या बेचक्या, काखा, शेपटीचें मूळ. बहुधा कांहीं सांपडत नाहीं. कधीं एखादा सांपडतो, कारण शेजाऱ्याच्या कुत्र्यांवर आणि त्यांच्या भिंतींवर आमची सत्ता नाहीं. या संरक्षणांत पराक्रम असा कांहींच नाहीं. तें रोजच्या दहा मिनिटांचें काम आहे आणि तें कधींच पुरें होत नाहीं. ज्या प्रेमानें आम्हीं त्याला त्या संध्याकाळीं औषधांत बुडविलें, तेंहि प्रेमच होतें. पण त्याला धीर नव्हता आणि त्याला कोणाचें ऐकून घ्यायचें नव्हतें.

परवां एक जुने स्नेही आले. संवयीनें आम्हीं त्यांना गोठ्यांत नेलें, आणि भूकंपाची गोष्ट सांगण्यासाठीं हात उचलला; पुढें पांढरी सपाट भिंत होती. “यांत पाहावयाचें काय आहे?” असें त्यांनीं विचारलें. आम्हांला कांहीं सुचेना. तेवढ्यांत नात म्हणाली, “इथं मोत्या झोपतो.”