अर्ध्या पगारात कुंभकोणम

पलटणीतला माणूस एन.सी.सी.ला पी.आय. स्टाफ म्हणून गेला की मागचे म्हणतात, सुटला गडी, आता दोन वर्षं आराम. आरामाचं जाऊ द्या. ज्या गावात क्वार्टर नाही, लंगर नाही, दारात कँटीन नाही, भाषा येत नाही, तिथं बायकापोरांसह बिऱ्हाड करायचं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. आम्ही ते कुंभकोणमला केलं, जून २०२२ ते मे २०२४.

कुंभकोणम तंजावर जिल्ह्यात, तंजावरपासून चाळीसेक किलोमीटर, कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधे वसलेलं. देवळं मोजायला बसाल तर सुट्टी संपेल. सरकारच्या घरभाड्याच्या यादीत मात्र हे गाव ‘झेड’ वर्गात, म्हणजे तेव्हा बेसिकच्या नऊ टक्के भत्ता. आम्हाला जे घर मिळालं त्याचं भाडं भत्त्याच्या जवळपास दुप्पट होतं. पुढच्या सगळ्या हिशोबाची सुरुवात इथून झाली.

पण खरं कारण दुसरं होतं. आमच्या बरोबरचा एक हवालदार दोन वर्षं आधी पेन्शनवर गेला. चांगला शिस्तीचा माणूस. पेन्शनचा मोठा भाग विकून एकरकमी पैसे घेतले, घराचं काम काढलं, धाकट्या बहिणीचं लग्न केलं. वर्षभरात पैसे संपले आणि पुण्यात एका एटीएमच्या दारात रात्रपाळीला उभा राहिला. सुट्टीत मी त्याला भेटून आलो. घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको काही बोलली नाही. दोन दिवसांनी तिनं वही पुढं केली आणि विचारलं, “अहो, तुम्ही आज पेन्शनवर आलात तर हातात किती येतील?”

हिशोब अवघड नव्हता. पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मं. बेसिक आणि एम.एस.पी. मिळून माझे ४१,१०० होत होते, त्याचे निम्मे २०,५५०, वर महागाई भत्ता. अट्ठावीस हजार धरा. तेही काही न विकता. ती म्हणाली, “मग आजपासून घर अट्ठावीस हजारांत चालवायचं. वरचे पैसे आलेच नाहीत असं समजायचं.”

मी म्हटलं, अगं, पेन्शनला अजून वेळ आहे. ती म्हणाली, “रायफल लढाईत पहिल्यांदा हातात घेता का?”

यावर मी काय बोलणार?

तर अट्ठावीस हजार. त्यातले ६,५०० भाडं. ६,००० गावाकडं आईवडिलांना, ते पगारवाढ असो नसो, पाच तारखेच्या आत. ४,००० पोरांच्या शाळेसाठी बाजूला. मुलांचा शिक्षण भत्ता मिळतो, नाही असं नाही, पण तो वर्ष संपल्यावर पावत्या जोडून, आणि शाळेला पैसे जूनमधेच लागतात. राहिले ११,५००. यात किराणा, दूध, गॅस, वीज, मोबाइल, औषधं, येणंजाणं आणि चौघांचं पोट. वरचा जो पगार उरायचा तो गावातल्या दोन खोल्यांच्या कर्जाला आणि फंडाला.

पहिले दोन महिने वाईट गेले, कारण आम्ही कुंभकोणमला राहून माणदेशी जेवत होतो. ज्वारी शोधायची, ती दळून कोण देतो ते शोधायचं, शेंगदाण्याचा कूट प्रत्येक भाजीत, चहाला साखर. बाहेरून आलेल्या माणसाला आपलंच खाणं सगळ्यात महाग पडतं. हे आम्हाला घरमालकीणबाईंनी दाखवलं.

त्या सत्तरीच्या पुढच्या, एकट्या, खालच्या मजल्यावर राहायच्या. गल्ली त्यांना पाट्टी म्हणायची. आम्ही घर बघायला गेलो तेव्हा बायको माझ्याशी हळूच मराठीत म्हणाली की मोरीला उतार नाही, आणि या बाईंनी मराठीतच उत्तर दिलं की उतार आहे, जाळी तुंबली आहे. आम्ही दोघं पुतळ्यासारखे उभे. व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावर मुलखात आलेली घरं अजून तिकडं आहेत, हे पुस्तकात वाचलं होतं. पण साडेतीनशे वर्षांमागची मराठी तमिळ हेलात कानावर पडली की अंगावर काटा येतो. पोरं पहिल्या दिवसापासून त्यांना आजी म्हणायला लागली.

आजींचं स्वतःचं घर कुटुंब पेन्शनवर चालायचं, आणि त्या चालवण्यात ओढाताण दिसायची नाही. इडलीचं पीठ घ्या. चार वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद, एकदाच वाटायचं. पहिल्या दिवशी इडली, दुसऱ्या दिवशी डोसा, तिसऱ्या दिवशी आंबट झालं की कांदा-मिरची घालून उत्तप्पा. रात्रीच्या उरलेल्या भातात पाणी ओतून ठेवायचं, सकाळी ताक, मीठ आणि छोटे कांदे. आपल्याकडं शिळी भाकरी दुधात कुस्करतात त्याचंच हे भावंडं. केळीचं तर काहीच फुकट जात नाही. फळ खायचं, कच्च्याची भाजी, केळफूल, खोडातला पांढरा गाभा चिरून ताकात, पानावर जेवण. आमच्या दुष्काळी भागात केळ म्हणजे देवापुढचं फळ, त्यामुळं बायकोला गाभा चिरताना निघणारे धागे बोटाला गुंडाळून काढायला शिकायला आठवडा लागला. भाजी महागली की सुंडक्काईसारख्या रानटी वांग्याच्या उन्हात वाळवलेल्या फळांची चिंचेच्या पाण्यात आमटी. उन्हाला पैसे पडत नाहीत, आणि ऊन तिकडं भरपूर.

आणि महिनाअखेरची त्यांची एक चीज होती, डांगर पच्चडी. भाजलेल्या उडदाचं पीठ ताकात किंवा दह्यात कालवायचं, मीठ, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. भाजी नको, गॅस जेमतेम दोन मिनिटं. बायको नाव ऐकून हसायलाच लागली. पापड लाटताना उडदाचं डांगर तेल लावून आम्ही सगळ्यांनीच चोरून खाल्लेलं आहे. तो शब्द इतकी वर्षं तमिळ घरांतून फिरतोय, आणि ब्राह्मणांच्या स्वयंपाकात अजून डांगर म्हणूनच ओळखला जातो. सांबार मराठ्यांनी शोधलं ही गोष्ट तंजावरात सगळेच ऐकवतात. खरंखोटं मला माहिती नाही, पण डांगरावर मी पैज लावीन.

बायको शनिवारी शेतकऱ्यांच्या बाजारात, उळवर संदैमधे जायची. दलाल नाही, शेतकरी स्वतः बसतो. तमिळनाडूत ही सोय १९९९ पासून आहे. जायची टाऊन बसनं, कारण मे २०२१ पासून साध्या टाऊन बसमधे बायकांना भाडं नाही, मग ती बाई तमिळ असो की साताऱ्याची. घरगुती विजेचं बिल तिकडं दोन महिन्यांनी येतं आणि पहिली शंभर युनिटं माफ. आमचं मीटर वेगळं होतं, म्हणून बायको रविवारी आकडा वहीत उतरवायची आणि पोरांना पंख्यावरून ओरडायची. रेशनचा फुकट तांदूळ मात्र आमच्या नशिबी नव्हता, कार्ड गावाकडचं.

सप्टेंबर २०२३ पासून गल्लीतल्या बऱ्याच बायकांच्या खात्यात सरकारचे महिना हजार रुपये यायला लागले. यावर आपल्या लोकांत फार हसण्याचारण्यासारखं बोललं जातं, फुकटेपणा वगैरे. समोरच्या घरातल्या, पितळी भांड्यांना पॉलिश करणाऱ्या माणसाच्या बायकोचे हजार कुठं जायचे ते आम्ही बघत होतो. गॅसचं सिलिंडर आणि मुलाची ट्यूशन. ज्याला महिन्याला ठरलेला पगार येतो त्यानं हजाराची किंमत दुसऱ्याला सांगू नये, असं माझं मत आहे.

एका खर्चावर आमचं आणि आजींचं कधी जमलं नाही. फुलं. तिकडं गजरा हातानं मोजतात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक मुळम. आजी दुसऱ्यांदा गाळलेल्या पातळ डिकॉक्शनची कॉफी पितील, पण देवाच्या फोटोला रोज फुलं घेणारच. बायकोच्या वहीत ते बसत नव्हतं. आजींनी तिला स्पष्ट सांगितलं की फूल हा खर्च नव्हे. शेवटी शुक्रवारी एक मुळम असा तह झाला, आणि तो माझ्या मते चांगला तह होता.

आमची ड्यूटी बहुतेक कॉलेजच्या मैदानावर. सरकारी कॉलेज कावेरीच्या काठाला आहे. याच कॉलेजात १९०४ साली श्रीनिवास रामानुजन दाखल झाले आणि गणित सोडून बाकी विषयांत नापास होऊन शिष्यवृत्ती घालवून बसले. सारंगपाणी देवळासमोरच्या रस्त्यावर त्यांचं घर जपून ठेवलंय. मी पोरांना घेऊन गेलो. लहानसं घर, रस्त्याकडची खिडकी, तिथं एक पलंग. वडील साड्यांच्या दुकानात कारकून, पगार महिना वीस रुपये. आई देवळात भजनं म्हणून चार पैसे मिळवायची आणि घरात शिकणारी मुलं पैसे घेऊन ठेवायची. ती बिऱ्हाडकरू मुलं कॉलेजची होती, आणि दहा-अकरा वर्षांच्या रामानुजननी त्यांच्याकडचं गणित संपवून टाकलं. कागद परवडत नाही म्हणून आकडेमोड पाटीवर, कोपरानं पुसायची आणि उत्तर तेवढं वहीत. मुलांना गणितज्ञ म्हणून दाखवायला नेलं होतं, मी स्वतः मात्र त्या आईच्या महिन्याच्या हिशोबाचा विचार करत बाहेर आलो. वीस रुपयांत तिनं काय काय बसवलं असेल!

याच गावात १८२८ साली सर टी. माधवराव जन्मले, मराठीच घराणं. त्यांनी त्रावणकोर संस्थानाचं कर्ज फेडलं आणि १८७५ पासून सयाजीराव लहान असताना बडोद्याचा कारभार बघितला. आजींना याचा फार अभिमान. वही घेऊन बसलेल्या माझ्या बायकोला त्या ‘दिवाणबाई’ म्हणायच्या.

आता मुलीचं. ती तेव्हा आठवीत. मैत्रिणींच्या घरी जायला लागली आणि एके दिवशी जेवताना तिनं विचारलं, “आपण गरीब आहोत का? पप्पांना पगार आहे ना?” बायकोनं वाढायचं थांबवलं नाही. जेवण झाल्यावर वही तिच्या हातात दिली. पुढचा महिना तू चालव म्हणाली. सगळे आकडे दाखवले, पेन्शनचा, कर्जाचा, आजोबांच्या पैशांचा. मला ते आवडलं नव्हतं. पोरीच्या वयात हे कशाला, असं वाटत होतं.

पोरीनं पहिला घाव माझ्यावर घातला. कुंभकोणमची डिग्री कॉफी प्रसिद्ध आहे. पाणी न घातलेल्या दुधाची, पितळी डबरा-टंबलरमधे वरखाली करून फेस आणलेली. परेडच्या आधी एक, नंतर एक. वीस रुपये गुणिले दोन गुणिले सव्वीस दिवस, १,०४० रुपये. तिनं लाल पेनानं चौकट केली. मी म्हटलं, इतका तर हक्क आहे मला. ती म्हणाली, “पप्पा, हे गॅस सिलिंडरएवढे आहेत.” घरी आजींच्या फिल्टरनं, चिकोरी घातलेली पावडर वापरून तीच कॉफी पाच-सहा रुपयांत पडते, हेही तिनं काढून दाखवलं. शेवटी बाहेरची कॉफी फक्त परेडच्या दिवशी, तीही एक. त्या महिन्यात तिच्याकडं तीनशे दहा रुपये उरले. तिनं स्वतःला काही घेतलं नाही, धाकट्याला कंपासपेटी घेतली आणि उरलेले वहीत पुढं ओढले. नंतर तिनं तो प्रश्न परत विचारला नाही. का विचारला नाही, ते मीही विचारलं नाही. लेकरू समजूतदार झालं की बापाला बरंही वाटतं आणि आत कुठंतरी लागतंही.

नोव्हेंबर २०२३ मधे वडील विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले. जवळच्या खाजगी दवाखान्यात न्यावं लागलं, त्याच दिवशी पैसे हवे होते. मिलिटरी हॉस्पिटल होतं, पण लांब. बायकोनं खात्यातून चाळीस हजार पाठवले आणि कुणाकडं हात पसरावा लागला नाही, मंगळसूत्र गहाण पडलं नाही. मी रात्रीच्या गाडीनं निघालो तेव्हा आजींनी डब्यात दहीभात दिला.

मे २०२४ मधे मूव्ह ऑर्डर आली, फील्डची. फॅमिली गावी गेली, त्याच दोन खोल्यांत. आता बायको फोनवर तक्रार करते की गावात कुंभकोणमपेक्षा भाजी महाग पडते आणि एस.टी.ला अर्धं का होईना तिकीट पडतं. वही मुलीकडं आहे. वडील काठी घेऊन चालतात आणि डांगर पच्चडीला ‘पापडाची कढी’ म्हणतात, पण मागून घेतात. कर्जाचे एकतीस हप्ते राहिलेत.