कुठल्याच रकान्यात न बसणारा मामा

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'त्यांच्या घरात बापच नसतो.' समाजशास्त्राच्या एम.ए.ला असताना आम्ही हे वर्गात ऐकलं. आता आपल्याच चळवळीतल्या शिकलेल्या पोरांच्या तोंडून ऐकतो. बाप नाही म्हणून पोरं बिघडतात, पोरं बिघडतात म्हणून गरिबी हटत नाही. म्हणजे दोष घराचा. व्यवस्था सुटली! मित्रांनो, हा युक्तिवाद आपल्याला ओळखीचा वाटायला हवा. 'तुमची माणसं दारू पितात म्हणून तुम्ही मागे' हे ऐकतच आपण मोठे झालो आहोत.

त्या घरातला एक माणूस मात्र या चर्चेत कधीच येत नाही. तो म्हणजे पोरांचा तरणा मामा किंवा काका. इंग्रजीत दोघांनाही 'अंकल'च म्हणतात. तो विशी-तिशीतला असतो, त्याची स्वतःची नोकरी धड नसते, तरी बहिणीच्या घरचं भाडं थकलं की पहिला निरोप त्यालाच जातो. आज त्याच्याविषयी लिहायचं आहे.

'बाप नाही' या वाक्याला सरकारी शिक्का मिळाला तो १९६५ साली. अमेरिकेच्या कामगार खात्यात असलेल्या डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी कृष्णवर्णीय कुटुंबावर एक अहवाल लिहिला. जवळजवळ एक चतुर्थांश कृष्णवर्णीय कुटुंबांची प्रमुख बाई आहे, हा त्यातला गाजलेला आकडा. गुलामगिरी आणि बेकारी यांनी हे घडवलं, असं मॉयनिहन यांनीही लिहिलं होतं. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच की या समाजाचं कुटुंबच रोगट आहे. आता विचारा, मोजलं काय? एका छपराखाली नवरा आहे की नाही, एवढंच. दोन गल्ल्या सोडून राहणारा मामा रोज संध्याकाळी येऊन पोरांना जेवू घालत असेल, तर त्याला रकानाच नव्हता.

इतिहासकार हर्बर्ट गटमन यांनी १९७६ साली या समजाला मोठ्या पुस्तकातून उत्तर दिलं. मळ्यांवरच्या नोंदी तपासून त्यांनी दाखवलं, की गुलामगिरीतही ही माणसं आपल्या पोरांना बाप, आजोबा, मामा, काका यांची नावं ठेवत होती. मालक कुणाला कधी विकेल याचा भरवसा नव्हता. आई-बाप विकले गेले तर पोराला कुणीतरी आपलं म्हणणारं हवं, म्हणून नात्याचं जाळं मोठं ठेवावं लागे. मामा-काका हे तेव्हापासून त्या पोरांचं विमा संरक्षण होतं.

आणि गोऱ्यांनी याच शब्दाचं काय केलं? वयस्कर काळ्या माणसाला 'मिस्टर' म्हणायला लागू नये म्हणून ते त्याला 'अंकल' म्हणू लागले. तांदळाच्या पाकिटावरचा 'अंकल बेन' त्याच सवयीतून आला. ते नाव बदलायची घोषणा व्हायला २०२० साल उजाडावं लागलं. गावगाड्यात आपल्या म्हाताऱ्या माणसाला पाटलाचं पोरगंही एकेरीत हाक मारायचं, तसाच हा प्रकार. घरातला मानाचा शब्द बाहेर अपमानाचा झाला.

कॅरोल स्टॅक या गोऱ्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी साठच्या दशकाच्या शेवटी एका गरीब कृष्णवर्णीय वस्तीत राहून अभ्यास केला. 'ऑल अवर किन' हे त्यांचं पुस्तक १९७४ साली आलं. तिथे पोराला जन्म देणारी आणि वाढवणारी माणसं नेहमी तीच नसत. आज लुगडं-कपडा, उद्या पलंग, परवा पोरगंच, असं सगळं नात्यात फिरत असे. बाप घरात नसला तरी मामा, काका, आजोबा अशी पुरुष माणसं पोरांभोवती असत.

पण याच पुस्तकातली एक हकीकत आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. मॅग्नोलिया आणि तिचा नवरा यांना तिच्या दक्षिणेतल्या म्हाताऱ्या अंकलकडून १५०० डॉलर मिळाले. स्वतःचं घर घ्यायचं त्यांच्या मनात होतं. तेवढ्यात सरकारी खात्याने त्यांच्या मुलांची मदत बंद केली, आणि नात्यातल्या एकेकाची नड पुढे आली. कुणाचं थकलेलं भाडं, पोरांचे थंडीचे कपडे, कुणाच्या दफनाचा खर्च. काही आठवड्यांत पैसा संपला आणि घर राहिलं ते राहिलंच. नात्याचं जाळं बुडू देत नाही, पण वरही येऊ देत नाही. एकाच्या बचतीवर दहा जणांची नड असते. म्हणून मामाची आरती ओवाळणाऱ्यांनी त्याचा खिसाही बघावा.

हे वाचताना आम्हाला आमचा मामा दिसत होता. बाजार समितीत हमाली करायचा, तेव्हा त्याचं वय बावीस-तेवीस. आमच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला हवा असला की तो तहसीलला रांगेत उभा राहायचा. त्या दिवसाची हजेरी बुडायची. आई म्हणायची, "राहू दे रे, मी जाते." तो म्हणायचा, "अक्का, तुझी दोन घरची कामं जातील, माझी एकच हजेरी जाईल." आमच्या पदवीवर त्याच्या किती हजेऱ्या बुडाल्या याचा हिशेब कुणी ठेवला नाही. त्याने स्वतः दहावी सोडली ती सोडलीच.

पैशापलीकडचं काम करणारा एक अंकल म्हणजे जेम्स बाल्डविन. हार्लेममधल्या नऊ भावंडांत हे थोरले. १९४३ साली सावत्र वडील वारले तेव्हा बाल्डविन पुरते एकोणीस वर्षांचेही नव्हते. धाकट्या भावंडांना त्यांनी कडेवर घेऊन वाढवलं होतं. त्यातल्याच एका भावाच्या मुलाला त्यांनी १९६२ साली पत्र लिहिलं. गुलामीमुक्तीच्या जाहीरनाम्याला शंभर वर्षं होत आली होती. बाल्डविन पोराला सांगतात, की तुझे आजोबा हरले, कारण गोऱ्यांनी त्यांच्याविषयी जे सांगितलं ते त्यांनी मनातून खरं मानलं. तू ते मानू नकोस. हे सांगायला बापापेक्षा काका बरा असतो. बापाला पोराच्या जिवाची भीती असते, म्हणून तो 'मान खाली घालून चाल' म्हणतो. काका एक पाऊल लांब उभा असतो, म्हणून खरं बोलू शकतो.

मग हा मामा, हा काका नाहीसा का होतो? आपोआप होत नाही, त्याला उचललं जातं. अलाबामा राज्याने १९६४ साली नियम केला, की आईचा एखाद्या पुरुषाशी संबंध असेल तर तो 'पर्यायी बाप' समजून पोरांची मदत बंद करायची. अडीच-तीन वर्षांत सुमारे १६,००० मुलं यादीतून गळाली. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मोडीत काढला. एका तोंडाने म्हणायचं घरात पुरुष नाही, आणि पुरुष दिसला की पोरांच्या ताटातलं काढायचं!

पुढे १९८६ च्या कायद्याने पाच ग्रॅम क्रॅकला पाच वर्षांची किमान कैद ठरवली. तेवढ्याच शिक्षेला पांढरी कोकेन पूड मात्र ५०० ग्रॅम लागे. क्रॅकच्या खटल्यांत तुरुंगात गेले ते बहुतेक कृष्णवर्णीय तरुण, म्हणजे कुणाचे तरी मामा. सुटून आल्यावर बहिणीच्या सरकारी घरात सोफ्यावर झोपायचं म्हटलं तर तिलाच धास्ती. २००२ साली ओकलंडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की घरातल्या माणसाने किंवा पाहुण्याने अमली पदार्थाचा गुन्हा केला, तर भाडेकरूला ठाऊक नसलं तरी घर काढून घेता येईल. अशा वेळी बहीण भावाला दारात उभं करेल की पोरांचं छप्पर वाचवेल?

याच ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष उभा राहिला. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने त्यावरूनच नाव घेतलं. आपल्याला त्यांची बंदूक आणि काळं जाकीट आठवतं. जानेवारी १९६९ मध्ये तिथल्या एका चर्चमध्ये पक्षाने शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी फुकट नाश्ता सुरू केला, ते आठवत नाही. विशीतली पोरं-पोरी पहाटे उठून दुसऱ्यांच्या लेकरांना खाऊ घालत होती, त्यांचा अभ्यास विचारत होती. एफबीआयच्या एडगर हूवरला या नाश्त्याचीही धास्ती होती. एका घराचा मामा एकटा पडतो आणि थकतो. वस्तीच्या पोरांनी मिळून मामापण घेतलं, तर ते वाटून जातं आणि टिकतं.

म्हणून आमचं म्हणणं दोन टोकांना धरून आहे. पहिलं, मामा आहे म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. भाडं, नाश्ता, शाळा हे हक्क आहेत. ते मामाच्या हजेरीतून वसूल करणं ही चोरी आहे. दुसरं, तो हक्क मिळेपर्यंत पोरगं थांबू शकत नाही, म्हणून मामाने रांगेत उभं राहायलाच हवं. जयंतीच्या मिरवणुकीत पहाटेपर्यंत नाचणारे आपण, बहिणीच्या पोराचा महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडकलाय हे आपल्याला माहीत असतं का? जात वैधता प्रमाणपत्राअभावी कुणाचा प्रवेश जातोय, हे गल्लीतल्या किती जणांनी विचारलं?

वस्तीत सर्व्हेला गेल्यावर आम्ही आता फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर एक जादा प्रश्न लिहितो, 'अडचणीला पहिला कोण येतो?' बहुतेक आया थोडा विचार करून एक नाव सांगतात. ते नाव कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात नसतं.

जयभीम!