मुदत उलटलेली सून

घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या उभ्या राहिल्या त्यात इराणहून आलेल्या जरथुष्ट्री कुटुंबांचा वाटा मोठा आहे. यज्द, केरमानकडची ही माणसं मुंबईमार्गे या किनाऱ्याला लागली, वारली मजुरांच्या हातांनी त्यांची झाडं वाढली आणि २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळालं. यांतले पहिले लोक आले तेव्हा पासपोर्टची सक्तीच नव्हती. ती १९२०च्या कायद्याने आली. पुढे राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदाने देशात कायमचं घर केलेल्या आणि २६ जानेवारी १९५० पूर्वी किमान पाच वर्षं इथे राहिलेल्या माणसाला नागरिक मानलं. त्या तारखेपासून जून १९८७ अखेरपर्यंत इथे जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक मूल, आईबाप कुठलेही असोत, जन्माने भारतीय ठरलं. परका माणूस इथे रुजू शकतो, एवढा विश्वास तेव्हाच्या कायद्याला होता. आज याच पट्ट्यातल्या घरात परदेशी सून किंवा जावई आला आणि त्याच्या व्हिसाची मुदत उलटली, तर तो विश्वास कुठे उरला आहे हे पाहण्यासारखं आहे.

वेळेत हालचाल केली तर वाट आहे. लग्नाची नोंदणी करून प्रवेश व्हिसा मागता येतो. नोंदणी होऊन सलग दोन वर्षं संसार टिकला की ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डाचा अर्ज करता येतो. पाकिस्तान आणि बांगलादेशाशी नातं असलेल्यांना मात्र ते दार बंद आहे. सात वर्षांच्या वास्तव्यानंतर, १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमाखाली, नागरिकत्वही मागता येतं. ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही, म्हणजे चिकूची वाडी सुनेच्या नावाने घेता येणार नाही. वारसाहक्काने आली तर चालते. ही सगळी बंधनं मला समजतात. समजत नाही ते मुदत चुकल्यानंतरचं. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या परदेशी व्यक्तींबाबतच्या नव्या कायद्यात जास्तीच्या मुक्कामाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही आहेत. दंड भरून मुक्काम नियमित होऊ शकतो, पण हक्क म्हणून नव्हे, अधिकाऱ्याला पटलं तर.

त्याहून जड गोष्ट नागरिकत्व कायद्याच्या दुसऱ्या कलमात आहे. चोरवाटेने सीमा ओलांडणारा आणि रीतसर पासपोर्टावर येऊन मुदतीपेक्षा जास्त राहिलेला, दोघांनाही तिथे एकच नाव आहे: बेकायदा स्थलांतरित. २००३च्या दुरुस्तीने, जी ३ डिसेंबर २००४ला अमलात आली, या शिक्क्याचा भार मुलावर टाकला. आईबापांपैकी एक भारतीय असला तरी जन्माच्या वेळी दुसरा बेकायदा स्थलांतरित असेल, तर भारतात जन्मलेलं ते मूल जन्माने नागरिक होत नाही. आता हेच जोडपं परदेशात असतं, तर एका पालकाच्या भारतीयत्वावर, वर्षाच्या आत वकिलातीत नोंद करून, त्याच मुलाला वंशाने नागरिकत्व मिळालं असतं. डहाणूच्या दवाखान्यात जन्मलेल्या बाळापेक्षा दूरदेशी जन्मलेलं बाळ भारताला जवळचं, ही रचना कोणत्या सुरक्षेचं रक्षण करते?

सुरक्षेचा आणि खोट्या लग्नांचा आक्षेप खरा आहे, तो मी झटकणार नाही. पण लग्न खरं की खोटं हे तपासायला दोन वर्षांची अट, पोलिस चौकशी, घरी येऊन केलेली पडताळणी, ही साधनं कायद्याकडे आहेतच. उलट पकडले जाऊ या भीतीने लपून राहणारं माणूस नोंदीबाहेर जातं, आणि नोंदीबाहेरचं माणूस कुठल्याच पोलिस अधीक्षकाला दिसत नाही. दुसरा आक्षेप न्यायाचा: नियम पाळणाऱ्यांवर अन्याय नाही का? म्हणूनच दंड असावा, भरघोस असावा. पण जेवढी चूक तेवढाच दंड असावा. व्हिसाची तारीख विसरणं आणि घुसखोरी हे एकाच तराजूत कसं तोलता येईल? अमेरिका स्थलांतरितांबाबत हळवी नाही. १९९६च्या कायद्याने तिथे सहा महिने जादा राहून बाहेर पडलेल्याला तीन वर्षं, वर्षभर राहिलेल्याला दहा वर्षं पुन्हा येण्याची बंदी आहे. तरीही रीतसर तपासणी होऊन देशात आलेला, अमेरिकी नागरिकाचा जोडीदार, मुदत उलटली तरी देश न सोडता कायम वास्तव्याचा अर्ज करू शकतो. तिथे गेलेल्या कित्येक मराठी घरांना ही सवलत ठाऊक आहे. तिकडे तिचा आधार घ्यायचा आणि इकडे परक्या सुनेच्या बाळाला परकं ठरवायचं, हे आपल्याला शोभत नाही.

संसदेने दोन बदल करावेत: रीतसर आलेल्या आणि भारतीयाशी नोंदणीकृत लग्न केलेल्या व्यक्तीला दुसऱ्या कलमातल्या त्या व्याख्येतून वगळावं, आणि जन्माच्या कलमातून आईबापांच्या व्हिसाची अट काढावी. तोवर ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांनी मुदत संपण्याआधीच परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या ई-एफआरआरओ पोर्टलवर अर्ज करावा. संपलीच असेल तर लपवू नये; बाळ व्हायचं असेल तर त्याच्या जन्माआधी वकिलाला गाठून मुक्काम नियमित करून घ्यावा, कारण जन्मानंतर मिळालेली परवानगी जन्माच्या दिवसाला लागू होत नाही.