मॅन लिमिट

दारूकामाच्या इमारतीच्या दाराशी एक पाटी असते. आत एकावेळी किती माणसं आणि किती किलो स्फोटक, एवढंच तिच्यावर लिहिलेलं. पहिल्या आकड्याला आम्ही मॅन लिमिट म्हणायचो. देहूरोडच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लष्करासाठी फ्लेअर, सिग्नलची काडतुसं, धुराची नळकांडी बनतात. तिथं सेफ्टीचं काम करताना मला या पाटीचा जेवढा आधार वाटला, तेवढा दुसऱ्या कशाचाच नाही.

दारूचं कोरडं मिश्रण घासलं, आपटलं, थंडीत अंगावर साठलेल्या स्थिर विजेची ठिणगी लागली, तरी पेटू शकतं. म्हणून उंबऱ्यापाशी आडवी फळी. अलीकडे बाहेरचे बूट काढायचे, पलीकडे आतले चढवायचे, अनवाणी पाय मधे टेकायचा नाही. दाराजवळच्या तांब्याच्या पट्टीवर तळहात ठेवून मगच आत शिरायचं. हत्यारं पितळी, छप्पर हलकं, भोवती मातीचा बांध. एवढं करूनही कधीतरी पेटणारच, असं धरून मॅन लिमिट ठरवतात. पाटीवर तीन असताना चौथा दिसला की मी आधी त्याला बाहेर काढायचो, कारण मागाहून विचारायचो. साहेब असले तरी.

देहूरोडच्या लष्करी दारूगोळा डेपोभोवतीचा २००० यार्डांचा रेड झोन निगडी-रुपीनगरच्या लोकांना बांधकामबंदी म्हणूनच माहीत आहे. जन्माची कमाई घरात घातलेल्यांची तगमग मला कळते. तरी कोठारात काही झालं, तर मधे ते मोकळं अंतरच असतं, हेही मी सांगत राहतो.

जवळच्याच तळवड्यात ८ डिसेंबर २०२३ रोजी वाढदिवसाच्या स्पार्कल मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली, कामावरच्या बायका होरपळून गेल्या. केकवरची असली तरी ती दारूच. बातमी वाचताना मला पाटीच आठवली. एका छताखाली किती जणी आणि हाताशी किती माल, हे आधी कुणीतरी ठरवायला हवं होतं.

आता मी सेफ्टी तपासायला चाकणच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या कारखान्यांत, जातो. हात प्रेसबाहेर राहावेत म्हणून दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक चिकटपट्टीनं दाबून ठेवलेलं सापडतं. ती पट्टी काढतोच, पण शेजारी वाकून भंगार उचलणारा ठेकेदाराचा पोरगा मला जास्त छळतो. तो तिथं हवाच कशाला? एका ठिकाणी भंगाराची पेटी प्रेसच्या मागं, जाळीपलीकडे हलवायला लावली.

"मग याला दुसरं काम बघावं लागेल," सुपरवायझर म्हणाला.

"बघा," मी म्हटलं.