आरसा मूळचा कीं मागाहूनचा?

जुन्या वस्तूंच्या नादाइतका निरुपद्रवी नाद दुसरा नाहीं, असें आम्ही पुष्कळ वर्षें मानीत आलों होतों. गाणें शिकणारा शेजाऱ्यांची झोंप मोडतो, कविता करणारा मित्रांचा वेळ खातो; पण जुनी मोटार बाळगणारा फार तर आपला पैसा घालवितो व आपले कपडे मळवितो, दुसऱ्याचें त्यांत कांहीं जात नाहीं, अशी आमची समजूत होती. ती एका तळहाताएवढ्या आरशानें खोटी ठरविली. त्याची ही हकीकत.

नोकरीच्या निमित्तानें आमचीं कांहीं वर्षें इंग्लंडांत बर्मिंगहॅम शहरीं गेलीं. त्या मुक्कामांत १९९८ सालीं आम्हीं एक जुनी एम. जी. बी. मोटार विकत घेतली. ज्या वाचकांना मोटारींचा नाद नाहीं त्यांच्यासाठीं सांगावयाचें तर ही दोन माणसांची, कापडी टपाची, बुटकी स्पोर्ट्‌स मोटार. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गांवच्या कारखान्यांतून १९६२ पासून १९८० पर्यंत तिच्या जातीच्या, बंद टपाच्या बहिणी धरून, पांच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या. तेव्हां दुर्मिळपणाचा मान तिला नाहीं. आमची गाडी १९६४ सालची, गडद हिरव्या रंगाची होती.

ती विकणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. गाडी कोरी असतांना त्यांनींच ती घेतली होती. तिच्या पुढच्या उजव्या मडगार्डावर एक वाटोळा, चकचकीत आरसा होता. आणि त्यापासून दोन बोटांवर काळ्या रबराच्या बुचानें बंद केलेलें एक भोक होतें. आम्हीं त्याविषयीं विचारतांच म्हातारेबुवा हंसले. गाडी घेतली तेव्हां तिला बाहेरचा आरसा नव्हताच. १९६६ सालीं त्यांना मुलगी झाली. ‘मागचें नीट दिसल्याशिवाय पोरीला या गाडींत बसवावयाचें नाहीं,’ असें पत्नीनें बजाविलें. तेव्हां त्यांनीं बाजारांतून आरसा आणला, पत्नीला चालकाच्या जागीं बसविलें, आणि ती सांगेल त्या जागीं पत्र्याला भोक पाडलें. आरसा बसला. मग ते स्वतः आंत जाऊन बसतात तों आरसा नाहींसा! पत्नी ठेंगणी, हे उंच. यांची बैठक मागें सरकलेली. त्यामुळें तिला स्वच्छ दिसणारा आरसा यांच्या नजरेला समोरच्या काचेच्या खांबाआड जाई. म्हणून दुसरें भोक. ती बाई दोन वर्षांपूर्वीं वारली होती. हें सांगतांना म्हाताऱ्यानें त्या रबरी बुचावरून अंगठा फिरविला. तो आम्हांला त्या वेळीं दिसला, पण समजला नाहीं.

आज बाजूचे दोन आरसे नसलेली मोटार आपल्याला कान कापल्यासारखी वाटते. परंतु हे कान मोटारीला जन्मतः नव्हते. १९०९ सालीं डॉरथी लेव्हिट या इंग्रज बाईनें स्त्रियांसाठीं मोटारविषयक पुस्तक लिहिलें. त्यांत, मागचें पाहण्यासाठीं गाडींत हातांतला आरसा ठेवावा, असा सल्ला आहे. दोन वर्षांनीं, १९११ मध्यें, अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें पांचशें मैलांची पहिली शर्यत झाली. इतर गाड्यांत मागें नजर ठेवावयास एक जोडीदार असे. रे हॅरून हा मात्र आपल्या एकट्याच्या ‘मार्मन’ गाडींत आरसा बसवून उतरला आणि जिंकला. पुढें त्यानें कबूल केलें कीं, विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरत होता कीं, त्यांत कांहीं दिसतच नव्हतें! आरशाच्या कीर्तीचा आरंभ असा न पाहण्यांतून झाला.

पुढें अर्धशतक उलटलें तरी पुष्कळ इंग्रजी स्पोर्ट्‌स मोटारींवर बाहेरचा आरसा ही जादा पैशाची वस्तु होती. कारखाना गाडी देई. आरसा विक्रेता बसवी, नाहीं तर धनी आपल्या अंगणांत बसवी. ज्याला जेथें सोयीचें वाटेल तेथें तो भोक पाडी. त्यामुळें एकाच महिन्यांत निघालेल्या दोन गाड्यांचे आरसे एका जागीं सांपडतीलच असें नाहीं. मडगार्डावरचा आरसा डोळ्यांपासून लांब, म्हणून त्यांतलें चित्र लहान. पण समोरच्या रस्त्यावरची नजर फारशी न हलवितां तो पाहतां येतो. दारावरच्या आरशांत चित्र मोठें, आणि तो बसल्या जागेवरून हातानें फिरवितां येतो. मडगार्डावरच्याला दोन माणसें लागतात. एकानें आंत बसून ‘थोडा वर, थोडा बाहेर’ म्हणावयाचें आणि दुसऱ्यानें बाहेर उभें राहून तें ऐकावयाचें.

या कामांत कायदाहि देशोदेशीं निराळा. अमेरिकेनें चालकाच्या बाजूचा बाहेरचा आरसा १९६८ पासून नव्या गाड्यांना सक्तीचा केला. इंग्लंडांत ती सक्ती १९७८ पासूनच्या गाड्यांना लागूं झाली. जपानांत तर १९८३ पर्यंत आरसे मडगार्डावर असणें हाच नियम होता. म्हणून १९६९ मध्यें निघालेली निस्सानची ‘फेअरलेडी झेड’ मायदेशीं मडगार्डावर आरसे मिरवी, आणि तीच ‘डॅट्सन २४० झेड’ या नांवानें अमेरिकेस गेली म्हणजे आरसा दारावर येई. एकाच गाडीचें हें रूपही मूळचें आणि तेंही मूळचें!

परंतु इतकें शहाणपण आम्हांला त्या वेळीं नव्हतें. गाडी घेतल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यांत आम्हीं ती एका प्रदर्शनांत नेली. परीक्षकांनीं इंजिनाची वाखाणणी केली, गाद्यांवरून हात फिरविला, आणि मडगार्डापाशीं येऊन ते थबकले. ‘आरसा कारखान्याचा नाहीं. शिवाय पत्र्याला दोन भोकें!’ त्यांनीं कागदावर कांहीं लिहिलें. आम्हीं घरीं येऊन गेडन येथील संग्रहालयाकडे अर्ज केला. तेथें कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. त्यांवरून गाडीचा मूळ रंग, इंजिनाचा क्रमांक, बांधणीची तारीख आणि कारखान्यांतच बसविलेलें जादा सामान यांचा दाखला मिळतो. आमच्या दाखल्यांत आरशाचें नांव नव्हतें. झालें! आम्हीं आरसा काढला, कागदांत गुंडाळून खोक्यांत टाकला, आणि दोन्ही भोकें बुजवून मडगार्ड रंगविण्यासाठीं पत्र्याच्या कारागिराकडून पांच आठवड्यांनंतरचा दिवस ठरवून घेतला. गाडी आतां ॲबिंग्डनहून निघाली तशी होणार, या विचारानें आम्हांला तीर्थाला निघाल्याचा आनंद झाला.

त्या पांच आठवड्यांतल्या तिसऱ्या आठवड्यांतली गोष्ट. पाऊस होता, म्हणून टप चढविलेला होता. रस्त्याच्या डाव्या कडेला आम्ही गाडी उभी केली होती. आमच्या गृहिणी दुकानांतून पाव घेऊन आल्या, आणि आम्हीं गाडी पुन्हां रस्त्यावर काढली. या गाडींत समोरच्या काचेच्या मध्यावर एक उभी धातूची काडी असते व आंतला आरसा तिच्यावर बसविलेला असतो. त्या आरशांत टपाच्या पाठीमागची प्लॅस्टिकची खिडकी तेवढी दिसत होती, आणि तीहि पावसानें धुरकटलेली. उजव्या खांद्यावरून वळून पाहावें तर टपाचें कापड. आम्हीं दोन हात गाडी बाहेर घेतली असेल नसेल, तोंच ब्रेकचा आवाज आणि पाठोपाठ कांहीं पडल्याचा आवाज आला. तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी सायकलीसकट ओल्या रस्त्यावर आडवी झाली होती. आम्हांला चुकविण्याकरितां तिनें सायकल वळविली होती.

तिच्या कोपराचें साल निघालें होतें, आणि सायकलीचें पुढचें चाक वाकडें झालें होतें. त्याहून अधिक कांहीं झालें नाहीं. आम्हीं तिला घरीं पोंचविलें, तिच्या वडिलांपुढें चूक आमची असल्याचें सांगितलें, आणि सायकल दुरुस्त करून दिली. १९६४ सालच्या गाडीला बाहेरचा आरसा नसला तरी कायदा कांहीं म्हणत नव्हता. पण ती मुलगी रस्त्यावरून उठेपर्यंत गेलेल्या चार-दोन क्षणांत कायद्याची आठवण कोणाला होते?

परततांना गृहिणी एक शब्द बोलल्या नाहींत. दारांत गाडी उभी राहिल्यावर त्या म्हणाल्या, ‘अहो, ही गाडी कोण चालवितो? तुम्ही कीं ते परीक्षक?’

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं खोक्यांतून आरसा काढला. गृहिणी चालकाच्या जागीं बसल्या. आम्ही बाहेर उभे राहिलों. ‘थोडा वर. थोडा बाहेर. आतां पलीकडचा फाटक दिसतो.’ मग आम्ही आंत बसलों आणि त्या बाहेर गेल्या, कारण त्याहि आमच्यापेक्षां ठेंगण्याच. त्या ओणव्या होऊन आरसा धरून उभ्या असतांना आमची नजर शेजारच्या रिकाम्या भोकावर गेली, आणि म्हाताऱ्याचा अंगठा त्या बुचावरून कां फिरला होता तें आम्हांला कळलें. तेवढें एक भोक पत्नीच्या डोळ्यांच्या मापाचें होतें. तें बुजवावयास आम्ही रंगासह पैसे मोजणार होतों.

कारागिराला आम्हीं नको म्हणून कळविलें.

तेव्हांपासून ‘मूळचें’ हा शब्द आम्ही जरा जपून वापरतों. गाडी कोणत्या दिवसाची मूळची? कारखान्याच्या फाटकाबाहेर पडली त्या दिवसाची म्हणावी, तर त्या रूपांत ती जेमतेम दोन वर्षें राहिली. याचा अर्थ मूळ शोधूंच नये असा नव्हे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें व १९६६ मध्यें पुरें केलें. मागाहून शिरले असें ज्या श्लोकांविषयीं ठरलें, ते त्या पंडितांनीं मुख्य पाठांतून काढले. पण एकहि फेंकला नाहीं. पानाच्या तळाशीं आणि परिशिष्टांत ते छापले, कोणत्या पोथींत कोणता सांपडतो हें लिहून ठेविलें. आम्ही पुण्याचे, लहानपणीं त्या मंदिरावरून शेंकडों वेळां गेलेले. तरी पाठ शुद्ध करणें आणि पाठ पुसणें यांतला भेद शिकावयास आम्हांला एका मुलीचें कोपर सोलून निघावें लागलें, ही शरमेची गोष्ट आहे.

२००९ सालीं आम्ही कायमचे परत आलों, त्या वेळीं गाडी एका तरुणाला विकली. तो जाणता होता. त्याचें बोट पहिल्या पांच मिनिटांत त्या बुचावर गेलें. आम्हीं त्याला सारी गोष्ट सांगितली. त्यानें ती अदबीनें ऐकली, पण त्याचे डोळे मडगार्ड किती पैशांत दुरुस्त होईल याचा हिशोब करीत असावेत. त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. आम्हीं एवढेंच केलें: पहिलें भोक कोणीं, कधीं, कोणासाठीं पाडलें, दुसरें कां पाडावें लागलें, आरसा आम्हीं केव्हां काढला आणि केव्हां परत बसविला, हें सर्व दोन पानांवर लिहून गेडनच्या दाखल्याबरोबर गाडीच्या खणांत ठेविलें. खालीं, रस्त्यावर गाडी काढण्यापूर्वीं उजवीकडे मागें पाहावें, अशी एक ओळ आमच्या गृहिणींनीं आपल्या हातानें घातली.